फक्त शेवटची प्रत

१

निवृत्त माणसाला घरात काम मिळत नाही, नेमून दिलं जातं. कात्रीसाहेबांना नेमून दिलेलं काम होतं घरच्या कॉम्प्युटरची साफसफाई.

'कात्री' हे नाव त्यांना वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी मंत्र्यांच्या आणि कारखानदारांच्या निवेदनांतली चरबी छाटली, बातमीदारांचे शिव्याशाप खाल्ले आणि रोज वेळेवर पान छपाईला सोडलं. त्यांचा नियम एकच. पानाची दुरुस्त प्रत टेबलावर आली की आधीची तिथल्या तिथे फाडायची. नुसती टोपलीत टाकायची नाही, कारण टोपलीतली प्रत उचलून छपाईला देणारा महाभाग प्रत्येक कचेरीत असतोच. एकदा तसं घडलंही होतं. चुकीचं पान छापून गेलं आणि निधनवार्तेत एका धडधाकट माणसाचा फोटो आला. साहेब स्वतः माफी मागायला गेले, तर दार त्यानेच उघडलं. "या, बसा," तो म्हणाला, "सकाळपासून माणसं येतायत भेटायला. तुमच्यामुळे कळलं, माझे किती मित्र आहेत ते."

तेव्हापासून नवी आली की जुनी फाडायची, हा नियम त्यांच्या हाडीमाशी मुरला.

कॉम्प्युटर बैठकीच्या कोपऱ्यात होता, नऊ वर्षांचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या वस्तू ज्या फोल्डरमध्ये पडतात त्यात सव्वादोन हजारांवर फायली साचल्या होत्या. केव्हाच मेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर चार वेळा. अक्षरवळणांचे, म्हणजे फॉन्टचे, संच, त्यांचेच पुन्हा संच. महिनाभर फुकट म्हणून घेतलेले आणि महिन्यानंतर गळ्याशी आलेले व्हायरसमारे. साहेबांचा पारा रोज नव्याने चढायचा. कंपन्या सॉफ्टवेअर 'सुधारतात' म्हणजे काय करतात? फुगवतात. कालचं दहा किलोचं असलं तर आजचं पंधरा. जुनं उचलून न्यायला मात्र कोणी येत नाही.

सकाळचा चहा झाला की ते खुर्ची ओढून बसत. 'अक्षरं', 'छपाई', 'फोटो', 'कशाला घेतलं देव जाणे' असे फोल्डर त्यांनी केले होते. एकाच वस्तूच्या अनेक आवृत्त्या सापडल्या की शेवटची ठेवायची, बाकीच्या उडवायच्या, आणि उडवलेल्यांची नावं, तारखा, वजनं शेजारच्या वहीत लिहायची. वही कशाला? तर उद्या कोणी विचारलं तर उत्तर हवं. कोण विचारणार होतं? कोणीही नाही. पण सवय.

"किती राहिलं?" बायकोने आतून विचारलं.

"दोन हजार तीनशे."

"काल किती होतं?"

"दोन हजार तीनशे चाळीस."

"अहो, मी अख्खी पृथ्वी एका वर्षात शिकवायचे. महासागरांसकट."

तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. इमारतीतली निम्मी माणसं तिची विद्यार्थी, म्हणून सगळे तिला 'बाई'च म्हणत. चिडवायचं असलं की साहेबसुद्धा. एकोणीस वर्षांपूर्वी वर्गात जगाचा नकाशा टांगताना ती स्टुलावरून पडली आणि घोटा मोडला. तो जोडणाऱ्या डॉक्टरने असा काही जोडला की पाऊल कायमचं बाहेर वळलं. तेव्हापासून घरभर तिची चाल ऐकू यायची. टक्, सर्र. टक्, सर्र. साहेबांना मागे वळून बघावं लागत नसे. बायको कुठे आहे, कशी आहे, कोणत्या रागात आहे, सगळं त्या चालीवरून कळायचं.

२

त्या सकाळी अकराच्या सुमारास त्यांना 'घर' सापडलं.

एवढंच नाव. घर. देवनागरीत. पुढे कंपनी नाही, काही नाही. प्रकार मात्र सॉफ्टवेअर बसवण्याच्या फाइलीचा. खाली घर, कंसात एक. घर, कंसात दोन. तीच फाइल पुन्हा उतरवली की कॉम्प्युटर आपणहून नावापुढे आकडा लावतो, हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं. आकडे तीसपर्यंत गेले होते. म्हणजे एकूण एकतीस.

"तू काही उतरवलंस का? घर नावाचं?" त्यांनी विचारलं.

"मी भाजी उतरवते गॅसवरून. तेवढंच."

त्यांनी तारखा पाहिल्या. सर्वांत जुनी फाइल एकतीस वर्षांपूर्वीची होती. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा, फाइल एकतीस वर्षांची. माणूस चक्रावला असता, पण छापलेल्या तारखेवर विश्वास ठेवायचा नसतो हे साहेबांइतकं कोणाला माहीत? आतलं घड्याळ बिघडलं असेल. विषय मिटला.

दुसरी गोष्ट मात्र खुपली. फायलींची वजनं. पहिली सर्वांत जड होती, दुसरी तिच्याहून थोडी हलकी, तिसरी आणखी हलकी. पुढे दरवेळी काहीतरी कमी. शेवटची तर पहिलीच्या चौथाईही नव्हती. सव्वादोन हजार फायलींत हे एकच सॉफ्टवेअर असं होतं की जे सुधारत गेलं तसं आक्रसत गेलं. "चला," साहेब मनात म्हणाले, "एक तरी कंपनी कात्री चालवणारी निघाली." त्यांना बरंही वाटलं.

त्यांनी उडवायची तीसच्या तीस नावं तारखांसह वहीत उतरवली. कंसातली तीस नंबरची फाइल ठेवली. बाकीच्या निवडल्या आणि उडवल्या. मग नियमाप्रमाणे कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला घेतली. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढून टाकायचं, खात्री आहे?

कचेरीत पोरं म्हणायची, खात्री झाल्याशिवाय कात्री लागत नाही. साहेब हसले आणि त्यांनी होकार दिला.

टोपली रिकामी व्हायला क्षणभर वेळ लागतो. त्या दिवशी पाच मिनिटं लागली.

३

"चहा."

साहेब खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. बायको कप घेऊन अगदी खांद्याशी उभी होती.

"मांजरासारखी काय येतेस!"

"मग काय गळ्यात घंटा बांधू?"

ती कप ठेवून परत निघाली आणि साहेब बघत राहिले. आवाज नव्हता. टक् नव्हतं, सर्र नव्हतं. बाई दोन्ही पावलं सरळ टाकत, भराभर, तरुण बाईसारखी चालत स्वयंपाकघरात गेली.

ते उठून मागोमाग गेले. "पाय?"

"काय पायाला?"

"दुखत नाही?"

"दुखायला काय झालंय?"

त्यांनी खाली पाहिलं. डावा घोटा उजव्यासारखाच होता. नितळ. बाहेर आलेलं हाडाचं टेंगूळ नाही, टाक्यांचा पांढरा व्रण नाही.

"अगं, शाळेत पडली होतीस ना तू. स्टुलावरून. जगाचा नकाशा टांगताना."

तिने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं, चांगली थाप मारणाऱ्याकडे बघावं तसं. "मी कशाला स्टुलावर चढू? शाळेला शिपाई नव्हता?"

साहेबांचा हात आधारासाठी दाराच्या चौकटीवर गेला होता. त्याच चौकटीवर लेकीची उंची पेन्सिलीने मांडलेली होती, तीन वर्षांपासून सोळापर्यंत, प्रत्येक रेघेपुढे बायकोच्या हातची तारीख. दोनदा घराला रंग दिला, दोन्ही वेळा तेवढी पट्टी सोडायला लावली होती. आता बोटांखाली लाकूड गुळगुळीत लागलं. रंग ताजा नव्हता, त्याला वास नव्हता. तिथे कधी काही लिहिलेलंच नव्हतं.

"इथल्या रेघा कुठे गेल्या?"

"कसल्या रेघा?" बायकोने विचारलं. खोटं बोलताना तिच्या भुवया वर जात. त्या जागच्या जागी होत्या.

४

ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. म्हणजे तिला वाटलं, तीच त्यांना नेते आहे.

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचे नेहमीचे, वीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी घोट्याचा फोटो काढायला लावला आणि फिल्म उजेडासमोर धरली. "उत्तम हाड आहे. या वयात असं हाड बघायला मिळत नाही."

"तुम्हीच तिला दर हिवाळ्यात गोळ्या देत होतात. या पायासाठी," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी जुनं कार्ड काढलं. रक्तदाब, सर्दी, एकदा डोळे आलेले. पायाचा उल्लेख नव्हता. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं, खुर्ची वळवली आणि मऊ आवाजात विचारलं, "साहेब, आज वार कोणता?"

साहेबांच्या अंगाची लाही झाली. चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्याची कला कचेरीत त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण संन्याशाच्या जागी आपण असू हे ध्यानात आलं नव्हतं. "सोमवार," ते म्हणाले. "शंभरातून सात सात वजा करत जाऊ का? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तुमचं बिल किती होतं तेही सांगतो."

"चिडू नका. झोप कशी आहे?"

"डॉक्टर, हिचा पाय मोडला होता."

"आणि आता बरा आहे," डॉक्टर म्हणाले. "लोक इथे उलटी तक्रार घेऊन येतात हो."

बायको हसली. मोठ्याने, मोकळं. परतताना ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेली आणि वर पोचल्यावर वाकून म्हणाली, "या की. तुमचाच पाय मोडलाय का?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती बैठकीत समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेब वही उघडून बसले होते. आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

टक्. सर्र.

मागची खोली म्हणजे लेकीची. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून तिथे बाईंचे नकाशे ठेवलेले असत, कापडावर चिकटवलेले, गुंडाळून उभे केलेले. टक्, सर्र. मग नकाशा उलगडताना होतो तो कोरडा, लांबलचक आवाज. मग काही नाही.

"ऐकलंस?"

"काय?" तिने टॉवेल हनुवटीखाली धरून विचारलं.

ते उठून गेले. खोली रिकामी. नकाशे उभे, जागच्या जागी. खिडकी बंद. साहेबांनी स्वतःला समजावलं, वरच्या मजल्यावर कोणीतरी सामान ओढत असेल. ही समजूत त्यांनी दोन दिवस नेटाने पोसली. मग शिडी घेऊन आलेल्या रखवालदाराकडून कळलं की वरचं घर महिनाभर बंद आहे.

त्यांनी वहीतल्या तीस तारखा पुन्हा वाचल्या, आता बातमीदाराच्या डोळ्यांनी. पहिली तारीख या घरात राहायला आले त्या दिवसाची होती. तिसरी लेकीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसाची. तेराव्या तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं. त्या दिवशी निवडणुकीचा निकाल होता, ते रात्री उशिरापर्यंत पानं लावत होते आणि दवाखान्यातून आलेला फोन त्यांनी 'दहा मिनिटांत करतो' म्हणून ठेवला होता. स्टुलावरून पडली तो दिवस.

फाइल क्रमांक तेरा. बाराहून हलकी.

ते वही काखेत मारून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुरुस्तीवाला उघड्या यंत्रात डोकं घालून बसला होता.

"आतली बटनाएवढी बॅटरी गेली की तारखा वेड्यावाकड्या पडतात, काका. त्याचं एवढं काय."

"वेड्यावाकड्या नाहीत. बरोबर पडल्यात."

"मग चांगलंच आहे की."

"उडवलेलं परत आणता येतं?"

"टोपलीतून?"

"टोपली रिकामी केली."

दुरुस्तीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. "अहो काका, टोपली का रिकामी केलीत? ती कशाला असते मग?" साहेबांना निधनवार्तेची सगळी हकीकत सांगावीशी वाटली, पण दुरुस्तीवाला पुढे बोलूही लागला होता. "आणता येतं कधीकधी," तो म्हणाला. "त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसलं तर. तोवर त्यावर काही उतरवू नका. हातच लावू नका."

साहेबांनी घरी येऊन इंटरनेटची तार उपटली आणि खिशात ठेवली.

६

शनिवारी लेकीचा फोन आला. बाईंनी उचलला.

"नमस्कार. हो, आहेत ना. देते हं. आपण कशा आहात?"

साहेबांनी फोन घेतला तेव्हा पलीकडे लेक हसत होती, पण हसू मध्येच अडकत होतं. "बाबा, आई रागावलीये का माझ्यावर? आपण काय, नमस्कार काय?"

"पोरी, एक सांग. तुझ्या आईच्या पायाला काय झालं होतं?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग."

"घोटा मोडला. मी सहावीत होते. तुम्ही तुमचं ते पान लावत बसला होतात आणि शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. अजून ऐकवते की ती तुम्हाला. बाबा? रडताय का तुम्ही?"

साहेब रडत होते. आठवड्याभरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती. या एका साक्षीवर ते जगाशी भांडायला तयार होते. त्यांनी आवाज खाली आणून सगळं सांगितलं. फायली, वही, चौकट, मागच्या खोलीतला आवाज. लेक कॉम्प्युटरच्याच कंपनीत कामाला होती.

"फायलींचं मला कळत नाही," ती म्हणाली. "पण उडवलेलं शोधायचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. उद्या येते. आणि आईला मीच बघते. माझी आई मला 'आपण' म्हणते म्हणजे काय?"

फोन ठेवून त्यांनी वळून पाहिलं. बायको उन्हात उभी राहून खिडकी पुसत होती. चौतीस वर्षांचा संसार. त्यात किती भांडणं. त्या न केलेल्या फोनवरून तिने त्यांना एकोणीस वर्षं टोमणे मारले होते. आता आठवडाभर एकही नाही. तिने त्यांना माफ केलं नव्हतं. तिच्याकडे माफ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"कोण होत्या?" तिने विचारलं.

"आपली लेक."

"हो, नाव सांगितलं त्यांनी," ती म्हणाली आणि काचेवर तोंडाची वाफ सोडली.

७

लेक अकरा वाजता आली. दारातच आईच्या गळ्यात पडली. आईने पाहुण्याच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं, आणि विचारलं, "प्रवास नीट झाला ना?" लेकीचा चेहरा पडला, पण ती बापाची पोर. पर्स टाकून थेट कॉम्प्युटरपुढे बसली. आपलं सॉफ्टवेअर तिने वेगळ्या डिस्कवर आणलं होतं. "यावर काहीच लिहायचं नाही. नुसतं वाचायचं."

हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. वीस मिनिटांनी पहिलं नाव उमटलं. घर.

"बाबा! आहे!"

मागच्या खोलीत टक् झालं. सर्र. लेकीने मान वळवली. तिलाही ऐकू आलं होतं. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून बाईंनी विचारलं, "आपल्याला जेवायला किती वाजता वाढू?"

"आई आत आहे," लेक पुटपुटली. "मग तिकडे कोण?"

"जाऊ नकोस."

ती गेली नाही. एकामागून एक नावं येत गेली. घर, कंसात एक. घर, कंसात चार. प्रत्येक नावागणिक मागची खोली जिवंत होत गेली. कपाटाचं दार. नकाशा उलगडल्याचा आवाज. तीन वर्षांच्या पोरीचं पाढे म्हणणं, दोनाच्या पाढ्यातच अडखळणारं. लेकीने कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले. "ती मी आहे," ती म्हणाली.

एक वाजेपर्यंत तीसच्या तीस नावं आली. सॉफ्टवेअरने सांगितलं, सापडलेलं जोडून घ्यायला आणखी दोन तास. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. पहाटेपासून ती प्रवासात होती. जेवण तिने नुसतं चिवडलं.

"जरा पडते बाबा. तुम्ही पट्टीवर लक्ष ठेवा. ती शेवटाला पोचेपर्यंत माऊसला हात लावू नका."

"इथे पड. सोफ्यावर."

"हो."

साहेब स्क्रीनकडे बघत बसले. छत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पानं पाहिली तसे. सत्तर टक्के. एकाहत्तर. बायकोने पाणी आणून दिलं. ब्याऐंशी. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि सोफ्याकडे पाहिलं. सोफा रिकामा होता.

"अगं, ही कुठे गेली?"

"त्यांना इथे उजेड फार होता," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मागच्या खोलीत पडा, निवांत आहे. गाढ झोपल्यात."

साहेब धावले. लेक आपल्या जुन्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खोलीत आवाज नव्हता. त्यांनी तिला हलवलं, पुन्हा हलवलं. तिने डोळे उघडले, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि छान हसली.

"झोप लागली वाटतं. सॉरी हं."

"ऊठ. ब्याऐंशी झालेत. पोरी, तुझ्या आईचा पाय..."

"का? काय झालं त्यांच्या पायाला?"

साहेब मागे सरकले. ती उठून केस नीट करत त्यांच्या शेजारून बैठकीत गेली. पडद्यावर हिरवी पट्टी नव्हती, यादी नव्हती. फोल्डर उघडा होता आणि त्यात 'घर' नावाची एकच फाइल. कंसात एकतीस. आजची तारीख. दुपारचे दोन चाळीस. त्यांनी वजन पाहिलं. तीस नंबरच्या निम्मंही नव्हतं.

इंटरनेटची तार त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढून पाहिली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

८

चार वाजता तिघं चहाला बसली.

दोघी बायका बोलत होत्या. रस्त्यावरची गर्दी, यंदाचा उकाडा, बसमधली एक भांडकुदळ बाई. एकीचं संपलं की दुसरी, कोणी कोणाचं वाक्य तोडत नव्हतं. साहेबांच्या घरात आईलेकींनी कधी एकमेकींना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. दोघी सुरेख दिसत होत्या. दोघींच्या चेहऱ्यावर कसलाही थकवा नव्हता.

त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. चिडून नाही, चिडण्याचं बळ संपलं होतं. "एकदा आपण तिघं घराबाहेर अडकलो होतो," ते म्हणाले. "किल्ली आत राहिली. पाऊस होता. जिन्यात बसून तू हिला जगातल्या नद्या म्हणायला लावल्यास, आणि ही प्रत्येक नदीला 'पुढे काय होतं तिचं' विचारत होती. आठवतंय?"

दोघींनी कप खाली ठेवले. मन लावून ऐकत होत्या.

"मग?" बायको म्हणाली. "पुढे काय झालं त्यांचं?"

"कोणाचं?"

"त्या तिघांचं."

लेकही वाट बघत होती, हनुवटी तळहातावर टेकवून. गोष्ट चांगली होती आणि तिला ती आवडली होती.

"अहो," मागच्या खोलीतून आवाज आला.

साहेब ताठ झाले. समोर बसलेल्या बायकोचे ओठ मिटलेले होते. तिने काही ऐकलं नव्हतं. लेकीनेही नाही.

"अहो, कोण आलंय?"

ते उठले. तीस पावलांचं घर, पण त्यांना ते ओलांडायला फार वेळ लागला. खोलीचं दार वीतभर उघडं होतं. आतला उजेड पिवळा होता, बाहेरच्या दुपारचा नव्हता. जुन्या, केव्हाच बदललेल्या दिव्याचा. फटीतून जमिनीवर उलगडलेल्या नकाशाचा एक कोपरा दिसला, निळा. तो दाबून धरणारा एक हात दिसला. आणि बाहेर वळलेलं एक पाऊल, घोट्याशी सुजलेलं. बाकीची ती दाराआड होती.

"पोरीचा आवाज आल्यासारखा वाटला," आतून ती म्हणाली. कुरकुरत, लाडाने, नेहमीसारखी. "आली का ती?"

साहेबांनी दारावर हात ठेवला. ढकललं नाही. मागे वळून पाहिलं. बैठकीत त्या दोघी त्यांच्याकडे बघत होत्या, वाट बघत, अदबीने. यांतल्या कोणाला आत नेऊन तिला दाखवायचं? आणि तिने विचारलं की हिला झालंय काय, तर सांगायचं काय?

"नाही," ते दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले. "कोणी नाही."

"बरं," आतून आवाज आला आणि नकाशा पुन्हा गुंडाळला जाऊ लागला. "आली की हाक मारा."